मातीतला गडी मॅटवर टिकेल का?

पाडवा झाला की आमच्या औराद तालुक्यात एकामागून एक जत्रा लागतात, आणि जत्रा लागल्या की आमच्या घरात एकच वाद सुरू होतो. थोरला मुलगा सतरा वर्षांचा आहे. मातीतल्या कुस्तीत त्याचं बऱ्यापैकी नाव झालंय. त्याला जोड शोधताना पंचांना वेळ लागतो, कारण त्याच्या अंगकाठीची पोरं हात मिळवायला लवकर पुढे येत नाहीत. त्याची ढाक एकदा बसली की समोरचा आभाळ बघतो, असं गावातले लोक म्हणतात. पण कुस्तीतलं पुढचं सगळं, म्हणजे राज्याची निवड, राष्ट्रीय स्पर्धा, खेळाडू म्हणून मिळणारी नोकरी, हे मॅटवर आहे. आणि गेल्या हिवाळ्यात एका निवड चाचणीला हाच मुलगा मॅटवर दीड मिनिटात दहा-शून्यने हरून घरी आला.

तेव्हापासून घरात तीन पक्ष झालेत. मामंजी स्वतः जुने पैलवान. त्यांचं म्हणणं, "मातीत जो पडत नाही तो गादीवर काय पडेल? एक दिवस वाईट गेला, सोडून द्या." ह्यांचं मत अगदी उलट. हे म्हणतात की ते दोन वेगळे खेळ आहेत, एकातला राजा दुसऱ्यात हमालसुद्धा होत नाही. तालमीतले वस्ताद मधलं बोलतात. त्यांना दोघांशी संबंध ठेवायचे आहेत. मुलगा काहीच बोलत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

आता यात मी बाईमाणूस कशाला पडते, असं काही वाचकांना वाटेल. खरं सांगायचं तर मी आजवर मैदानात बसून एकही कुस्ती पाहिलेली नाही. आमच्याकडे बायका आखाड्याकडे जात नाहीत. घराच्या माळवदावरून हलगी ऐकायची, शिट्ट्या ऐकायच्या, आणि मुलगा गुलालाने माखून आला की काय ते समजायचं. मॅटच्या कुस्त्या मात्र मोबाइलवर दिसतात. रात्री भाकऱ्या थापून झाल्या की मी मुलाशेजारी बसून त्या पाहू लागले. गुण कसे देतात, पंच हात का वर करतात, निळा कोण नि लाल कोण, हे हळूहळू कळत गेलं. आणि त्याचा खुराक तर पहिल्यापासून माझ्याच हातात आहे. तेव्हा दोन शब्द बोलायचा माझाही हक्क आहे.

आधी मातीबद्दल. आमच्या भागात रान काळं. कलबुर्गीकडे तर तुरीची काळीभोर जमीन. ती माती आखाड्याला चालत नाही. ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की तिची ढेकळं होतात. आखाड्याला लाल माती लागते, आणि ती बीदरच्या पठारावर मुबलक. आमच्या तालमीत ती ट्रॅक्टरने आणली. ती चाळायची, तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद, कडुलिंबाचा पाला, कापूर घालायचा, मुरवायची आणि रोज फावड्याने खालीवर करायची. हे काम सगळ्यात लहान पोरांचं. मामंजी म्हणतात, माती खणणाऱ्याचे खांदे आपोआप होतात.

अशा मातीत पाय रुततो. रुतलेला पाय आधार देतो, त्यावर कंबर फिरवून डाव मारता येतो. शिवाय पैलवान मूठभर माती घेऊन एकमेकांच्या अंगाला लावतात. घाम आला तरी पकड सुटत नाही. मॅटवर यातलं काहीच नाही. पायात बूट, खाली रबरी गादी, पाय रुतत नाही पण सरकन फिरतो. अंगाला काही लावायची परवानगी नाही, त्यामुळे घामाने शरीर मासळीसारखं निसटतं. लंगोट धरून उचलायची मातीतली सोय तिथे संपते, कारण अंगातला पोशाख धरणं हा नियमभंग आहे.

पण मला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो पोटावर पडण्यात. मातीत कुस्ती निकाली म्हणजे पाठ जमिनीला लागली पाहिजे. पोटावर कितीही वेळ पडून राहा, तुम्ही हरलेला नसता. उलट आमचे गडी खाली बसून दम घेतात, वरच्याला दमवतात, आणि दहा-पंधरा मिनिटांनी संधी साधून उठतात. या धीराला लोक दाद देतात. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती, एवढीच काय ती कुस्ती. खाली गेलात की समोरच्याला दोन गुण. मग तो कमरेला मिठी घालून तुम्हाला लोळवतो, त्याला भारंदाज म्हणतात. प्रत्येक लोळणीला आणखी दोन. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच संपली. माझ्या मुलाचं नेमकं हेच झालं. समोरच्याने पट काढला, हा सवयीने पोटावर पडून राहिला, आणि चार लोळण्यांत खेळ आटोपला. तो थकलाही नव्हता. घरी येऊन म्हणाला, "आई, मला वाटलं अजून कुस्ती सुरूच झाली नाही."

राहिली ती ढाक, म्हणजे त्याचा हुकमी डाव. समोरच्याची मान आणि हात बगलेत आवळून कमरेवरून फेकायचं. मातीत दोघे उभ्याने मानेला मान लावून खडाखडी करतात, त्यामुळे मान हाताशी असते. मॅटवरची पोरं गुडघ्यात वाकून खाली राहतात, त्यांचं लक्ष पायावर. मान सापडतच नाही. आणि ढाक फसली तर मातीत फार काही बिघडत नाही, पुन्हा उठता येतं. मॅटवर मात्र फसलेल्या ढाकेत आपलीच पाठ गादीकडे वळली की गुण दुसऱ्याच्या खात्यात. मग मातीत इतका अचूक असणारा डाव मॅटवर निकामीच म्हणायचा का?

इथे मामंजी खाशाबांचं नाव काढतात, आणि ते काही चुकीचं काढत नाहीत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाकेसाठीच प्रसिद्ध होते. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले, तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती. तरी सगळ्यात हलक्या गटात ते सहावे आले. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना मार्गदर्शन केलं होतं. मग चार वर्षं तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकीला पुढच्या वजनगटात, म्हणजे बँटमवेटमध्ये, कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या खेपेला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

मामंजींची गोष्ट इथे थांबते. पण मुलाने मोबाइलवर शोधून आणखी एक माहिती काढली, ती मला फार आवडली. त्याच गटात सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना मिळालं, आणि इशीही मुळात कुस्तीचे नव्हते. ते ज्युदो शिकलेले. महायुद्धानंतर जपानच्या शाळांमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून ते कुस्तीकडे वळले. म्हणजे एका गटातल्या पहिल्या तीन जणांपैकी दोघे दुसऱ्या आखाड्यातून आलेले होते. ह्यांना मी हे सांगितलं तर हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण तेव्हाची कुस्ती किती मिनिटांची होती ते बघ."

ते मी पाहिलं, आणि ह्यांचा मुद्दा खरा निघाला. तेव्हा मॅटवरची कुस्ती पंधरा मिनिटांची असे. खाशाबांनी कॅनडाच्या पोलिकॅनला चितपट केलं ते चौदा मिनिटं उलटून गेल्यावर. आजच्या नियमात ही कुस्ती केव्हाच संपली असती, आणि कोण जिंकलं असतं कोण जाणे. त्या काळची मॅट आपल्या मातीला आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होती. म्हणून खाशाबांचा दाखला देताना हे लक्षात ठेवलं पाहिजे. ती पंधरा मिनिटं आता कोणी देणार नाही.

तरीपण मातीतली माणसं नंतरही मॅटवर चमकली. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये मारुती माने यांनी फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवलं. गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हातच लावता येत नाही, सगळा खेळ मान, खांदे नि छातीचा. मला यातून असं वाटतं की खडाखडी करून तयार झालेली मान आणि खांदे ही मातीची देणगी मॅटवरही चालते. पायाकडची चपळाई मात्र नव्याने शिकावी लागते. मामंजींना हे पटलं. ह्यांना अर्धं पटलं.

आपल्या शेजारच्या लातूर-बीडकडे पाहिलं तर उदाहरणं अजून जवळची आहेत. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तुम-ए-हिंद. त्यांनी पुण्यात तालीम चालवली, आणि बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे हा त्यांचा शिष्य. बिराजदार मामा २०११ साली गेल्यावर लातूरच्याच काका पवारांनी त्याला घडवलं. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलोत सुवर्ण घेतलं, २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. तोही बापाच्या हाताखाली मातीतच सुरू झालेला. फरक इतकाच की तो लहान वयात घर सोडून पुण्याला गेला.

महाराष्ट्र केसरीत तर हा वाद दरवर्षी उघड्यावर येतो. तिथे माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते शेवटी गदेसाठी एकमेकांशी भिडतात. जानेवारी २०२३ ला पुण्यात गादीचा शिवराज राक्षे मातीच्या महेंद्र गायकवाडला भारी पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला मातीतून आलेल्या मोहोळच्या सिकंदर शेखने त्याच राक्षेला मिनिटाच्या आत चितपट केलं. आमच्या घरी त्या दिवशी मामंजींनी पेढे वाटले. जणू काही नातवानेच गदा आणली! मी गमतीने म्हटलं, "मामंजी, आता हे एक-एक झालं." मला वाटतं खरी गोष्ट अशी की आज वरच्या पातळीवर नुसता मातीचा असा कोणी उरलेला नाही. जो माती विभागातून जिंकतो तोही वर्षभर गादीवर सराव करतो. २०२० साली अंतिम फेरीत गादीचा हर्षवर्धन सदगीर आणि मातीचा आमच्या शेजारच्या लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले, आणि दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. एकाच तालमीत माती नि मॅट दोन्ही.

आमची अडचण वेगळी आहे. घरात बोली मराठी, देव मराठी, तालमीतल्या शिव्यासुद्धा मराठी; पण जिल्हा बीदर. महाराष्ट्र केसरीला पैलवान तिकडच्या जिल्ह्यांकडून उतरतात, त्यात आम्ही बसत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंद केसरी झाले, तो काळ आणि कोल्हापूरचं ते अंतर वेगळं होतं. कर्नाटकात निवडीसाठी जायचं तर मॅट आलीच. आणि आमच्या तालमीत मॅट नाही. सगळ्यात जवळची जिथे आहे तिथे जायला यायला एसटीचे तीन तास जातात.

आता माझ्या हातातल्या विषयाकडे येते, म्हणजे खुराकाकडे. मातीच्या पैलवानाला आम्ही खाऊ घालतो ते मोजून नाही. दूध, तूप, वाटलेले बदाम, ज्वारीची भाकरी, शनिवार सोडून मटण. वाढ, तेवढं बरं. जत्रेत जोड डोळ्याने लावतात, पंच दोघांना शेजारी उभं करून खांदा, मांडी, उंची पाहतात आणि म्हणतात, "चालतंय." काटा कोणी आणत नाही. मॅटवर पहिली गाठ काट्याशी. ऑलिम्पिकला पुरुषांचे फ्रीस्टाईलचे सहाच गट: ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५ किलो. स्पर्धा दोन दिवस चालते आणि दोन्ही सकाळी वजन होतं. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅमने बाद झाली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकासुद्धा हळहळल्या. शंभर ग्रॅम म्हणजे माझ्या मुठीत मावतील एवढे बदाम. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने रात्रभरात साडेचार किलोहून जास्त वजन उतरवलं आणि ५७ किलोत कांस्य घेतलं.

माझा मुलगा ६९ किलोचा. मोठ्यांच्या गटात गेला की ६५ ला उतरायचं की ७४ ला चढायचं, हा प्रश्न आत्ताच समोर आहे. मी बीदरहून वजनकाटा आणला तेव्हा मामंजी म्हणाले, "काय, नातू विकायला काढलाय का?" त्यांना त्या काट्याचा फार राग. मला मात्र वाटतं, वाढत्या वयाच्या पोराला उपाशी ठेवून वजन उतरवायला लावू नये; त्याला ७४ कडेच जाऊ द्यावं. तुपाचा चमचा मी कमी केला, डाळ नि अंडी वाढवली. एवढं मी कोणाला न विचारता केलं.

पैशाची बाजूही लपवण्यासारखी नाही. जत्रेच्या चार महिन्यांत मुलगा जे इनाम आणतो त्यात त्याचा वर्षाचा निम्मा खुराक निघतो. एका चांगल्या मैदानात पाच हजारांची कुस्ती मारली की महिन्याचं दूध फिटतं. मॅट शिकणाऱ्या पोराला पहिली दोन-तीन वर्षं कोणी रुपया देत नाही. ह्यांचा "दोन वेगळे खेळ" हा हट्ट आणि मामंजींचा मातीचा अभिमान, दोन्हींच्या मागे हा हिशोब उभा आहे, पण तो कोणी बोलून दाखवत नाही. मी वही काढून दाखवला. जत्रा सोडल्या तर दर महिन्याला किती कमी पडतील, एक म्हैस वाढवली तर किती भरून निघेल, धाकट्या दिरांनी किती द्यायचं कबूल केलंय. आकडे समोर आल्यावर आवाज बराच खाली आला.

माझं मत मी दोघांनाही सांगितलं. तो मॅटवर टिकेल. त्याची मान, त्याचा धीर, समोरच्याचा तोल कुठे जातोय हे हाताला कळणं, हे मातीने दिलेलं मॅटवर वाया जात नाही. ढाकही चालेल, पण ती मारण्याआधी वाकलेल्या पोराला उभं करायला शिकावं लागेल, म्हणजे आधी पट काढायची भीती त्याच्या मनात घालावी लागेल. आणि पोटावर पडून दम घेण्याची सवय मोडायला किमान एक वर्ष जाईल. त्या वर्षात तो हरतच राहणार, आणि तेव्हा घरातल्या कोणीही "मातीत ये परत, इथे तुझी गाठ आहे" म्हणायचं नाही. मामंजी यावर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सुनबाई, ढाक सोडू देऊ नको म्हणजे झालं."

आता जूनपासून मुलगा मॅट असलेल्या एका वसतिगृहात राहायला जाणार आहे. त्याची चाचणी आणि आमच्या गावची जत्रा एकाच आठवड्यात आलीय, त्यामुळे यंदा चांदीच्या कड्याच्या कुस्तीत तो नसेल. पंचांना तसं कळवलं. ते जरा नाराज झाले, पण धाकट्याचं नाव त्यांनी लगेच लिहून घेतलं. तो दहा वर्षांचा आहे, आणि नारळाच्या कुस्तीत उतरणार आहे.